हरकत

आयुष्यभर म्हणत आले, हरकत नाही.
सलग तिसरी रात्रपाळी, हरकत नाही.
बदली वाशीहून तुर्भ्याला, तुर्भ्याहून परत वाशीला,
बढतीच्या यादीत नाव दोन ओळी खाली,
हरकत नाही, सिस्टर आहे मी, घेते सांभाळून.

आणि आता एकसष्टाव्या वर्षी
इस्त्रीवाल्या रामसुमेरच्या टेबलावर,
कोळशाच्या धगीत,
फुलस्केपवर पहिल्यांदा लिहिते आहे:
विषय, भूखंड नऊ-अ, नियोजित रुग्णालय.
माझी हरकत आहे.

अक्षर थरथरतं.
नाडी, ताप, लघवी किती, उलटी किती,
इतकंच लिहायची सवय.
कारणं डॉक्टर लिहायचे.

नऊ-अ म्हणजे आमच्या घणसोलीतलं मैदान.
नकाशावर रिकामा चौकोन.
सेक्टर पडायच्या आधी इथे भाताची खाचरं होती.
गोमा मढवी अजून रोज संध्याकाळी
पलीकडच्या गोलपोस्टपाशी येऊन बसतो,
पोरांना सांगतो, यो माजा बांद.
पोरं त्याला वळसा घालून खेळतात.

दुसरी सुचवलेली जागा, धारण तलाव.
भरतीला खाडीचं पाणी आत येतं, ओहोटीला जातं,
झोपलेल्या पेशंटच्या छातीसारखं.
एका जुलैत रस्ते बुडाले
तेव्हा आमच्या तळमजल्याची फरशी कोरडी राहिली.
त्या रात्री मी वॉर्डात जागी होते
आणि तो इथे.

तिसरी जागा कुठली, विचारलं.
फाइल सापडत नाही म्हणाले.

लोक म्हणतात, नर्स असून दवाखान्याला विरोध?
कसं सांगू.
सुईला विरोध नसतो कधी.
शीर न बघता टोचली की हात सुजतो,
निळा पडतो, मग दुसरा हात मागतात.
मी एवढंच म्हणते आहे, आधी शीर बघा.
जुन्या रुग्णालयाचा चौथा मजला बघा,
खाटांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही,
नर्सा नेमल्या नाहीत म्हणून दाराला कुलूप.
आणि नव्याच्या चित्रात
कारंजं आहे, कॉफीचं दुकान आहे,
पांढऱ्या कोटातली हसरी माणसं आहेत.
बेडपॅन धुवायची जागा मी शोधली.
दिसली नाही.

तीनशे अठरा सह्या झाल्या. दोन अंगठे.

रोहिदास भोईरने सही केली नाही.
त्याची आई त्याच्याच रिक्षात गेली,
महापेच्या सिग्नलला. नव्वद सेकंद लाल होता.
म्हणाला, बाई, तुमचं सगळं खरं असेल.
मला पाच मिनिटं कमी पडली.

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी पेनाला टोपण लावलं,
रामसुमेरने इस्त्री उभी करून ठेवली.
थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

मंगळवारी सुनावणी, बेलापूरला.
सकाळी गेटपाशी रोहिदासचीच रिक्षा.
मीटर टाकला नाही.
मागे मी, कुंदाताई, मांडीवर गठ्ठा,
आणि पुढे त्याच्याशेजारी, चालत नाही तरी, गोमा मढवी.
महापेला सिग्नल लागला.
मी मनातल्या मनात आकडे मोजत होते.
तोही मोजत असावा, आरशात ओठ हलताना दिसले.

भाडं घेतलं नाही. सहीही दिली नाही.

कचेरीत खिडकीतल्या मुलाने
गठ्ठ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं,
अगदी आदराने म्हणाला,
साहेब मीटिंगला गेलेत, आजी,
तुमची हरकत नसेल तर थोडं थांबा.

कुंदाताई फिसकन हसली.
मी नाही.
बाकावर बसले, कागदांवर दोन बोटं ठेवून,
मनगटावर ठेवायची तशी.
खाली रोहिदासने रिक्षा सावलीला लावली
आणि इंजिन बंद केलं.