एक उरतो

एलुनेड बाईंनी हिशेब मांडला: मुलं एकतीस,
खोलीत एका वेळी पंधराच मावतात.
पंधरा, पंधरा, आणि एक उरतो.
बाहेरच्यांनी पाटीच्या दगडांवर बसून डबे खायचे,
पाऊस आला तर चॅपलमध्ये.
ग्विलिमला बस लागते, त्याला पुढे.

संमतीचे कागद आले. चार ओले, एकावर जॅम.
इवानच्या कागदावर
'काही ॲलर्जी?' या रकान्यात
आजोबांचं थरथरतं वेल्श:
"तिसरं कपाट. पोचा आलेला डबा माझ्या वडिलांचा.
खाणीतून तेवढाच वर आला.
पोराला एकदा उघडू द्या."

बाईंनी म्युझियमला पुन्हा फोन लावला.
पलीकडे बराच वेळ
नुसता किल्ल्यांचा आवाज.

'काचेला हात लावू नये'
ही सूचना त्यांनी खोडली नाही.
खाली लिहिलं:
दहा चाळीस. उरलेला एक.
दार लोटून घ्यावे.