पाठपुराव्यातून सुटलेल्या

टिपणीस बाईंचा शोधनिबंध छापून आला.
परळच्या खोलीत, पंख्याखाली पेपरवेट सरकवत,
त्यांनी मला एक प्रत दिली, स्टेपल स्वतः मारून.
शेवटी आभारात आम्ही आहोत: क्षेत्रीय कर्मचारी.
म्हणजे मी, चंद्रकला,
आणि वजनकाटा खांद्यावरून वाहणारा इद्रिस.

इंग्रजी मला अडखळत येतं. आकडे नीट येतात.
चारशे बारा गरोदर बाया, बैंगनवाडीच्या.
हिमोग्लोबिन, सरासरी, नऊ पूर्णांक एक.
यातल्या निम्म्या बोटांना माझ्या हातची सुई ठाऊक आहे.
शकीला म्हणाली होती,
एवढ्याशा रक्तात तुला माझं काय कळणार?
ते इथे दशांशात कळलंय.

तिसऱ्या तक्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
पाठपुराव्यातून सुटलेल्या, एकोणीस.

बाई, सुटतायत कुठे त्या?
पंचशीला सातव्यात जालन्याला गेली, माहेरी.
आईने डिंक आणून ठेवला होता.
तिथून मिस्ड कॉल द्यायची, मी उलटा लावला की विचारायची,
लाल गोळीने शी काळी होते, चालेल ना?
तशा आणखी नऊ जणी, कुणी जौनपूर, कुणी गुलबर्गा.
पहिलं बाळंतपण आईकडे,
हे तुमच्या फॉर्मला कुणी सांगितलंच नाही.
सहा जणींच्या झोपड्या पालिकेने पाडल्या.
पत्ता माझ्या वहीत अजून आहे,
गल्ली नंबर अकरा, नळाशेजारी.
नळही आहे.
दोघींच्या दारात सासूच आडवी उभी राहिली.

दहा आणि सहा आणि दोन.

बाईंनी चष्मा पुसला. पेन्सिल घेतली,
मी सांगेन तसं समासात एकेक नाव लिहू लागल्या,
वेलांटी विचारून.
अठरा झाली.
आणि ही शेवटची?

त्या दुपारी माझ्या मुलाला ताप होता.
मी गल्लीच्या तोंडाशीच फॉर्म भरला: घर बंद.
दाराबाहेर तिच्या चपला होत्या, हिरव्या पट्ट्याच्या,
एक उलटी पडलेली. तिथूनही दिसत होती.
पुढच्या मंगळवारी गेले तेव्हा
कुलूप होतं, खरंखुरं.

घर बंद होतं, मी म्हणाले.

बाईंनी काही लिहिलं नाही.
पेन्सिल टेकवून ठेवली कागदावर,
ठिपका उमटेपर्यंत.
नाव तरी सांग.

मेहरुन्निसा.
न्निला पहिली वेलांटी.