तिसऱ्या कप्प्याचं दूध

संकेश्वरच्या बायपासला, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग संपते तिथं
माझं दुकान. बोर्ड वडलांच्या वेळचा, दोन लिप्यांत,
दोन्हींत ‘बॅटरी’ थोडी वाकडीच.

मार्चात एक जुनी मॅटाडोर येऊन थांबली.
पिवळ्या रंगाखालून अजून वाचता येत होतं:
फिरता नेत्र दवाखाना.
आता आत पलंग, शेगडी, पितळी डबे,
खिडकीला फाटक्या इरकलीचा पडदा
आणि बाकाखाली, चपलांच्या शेजारी,
एक बॅटरी, एक इन्व्हर्टर.

जिनगोंडा सर उतरले. चिकोडीकडं हेडमास्तर होते.
हातात वही. कुठं, किती वाजता अंधार झाला, त्याची नोंद.
‘स्तवनिधीला साडेनऊ. हिडकलला आठ चाळीस.
काल तर साडेसातलाच.
नवीनच घालू या की आता.’

मी म्हटलं, सर, तुम्ही दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं,
मग रात्री एवढं खातंय कोण?

पद्मव्वा दारात बसल्या होत्या, पाय खाली सोडून.
त्यांनी नुसता गुडघ्यावर हात ठेवला.
शेकायची पिशवी. पाचशे वॅट.

मग मी उकिडवी बसून सांगायला लागले.
इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी.
मधे हा रिले. गाडी चालू तोवर दोघी एकत्र भरतात,
चावी काढली की ताटातूट,
म्हणजे घरानं कितीही खाल्लं तरी सकाळी स्टार्टर फिरतो.
(इथं सीमेची उपमा आयती मिळत होती.
आमच्याकडच्या माणसाला ती कुठंही मिळते.
राहू दे. रिले चांगला होता, त्याची वायर गंजली होती.)

हा डबा, सर, वीज तयार करत नाही.
बारा घेतो, दोनशेतीस करून देतो,
वर आपली दलाली कापतो.
पिशवी लावली की पन्नासेक अँपिअर ओढतो, एवढ्याशा वायरीतून.
हात लावून बघा. तापलीय ना?
आणि नुसता चालू ठेवला, काही न जोडता,
तरी गुणगुणत चरत राहतो रात्रभर.

सरांनी ‘दलाली’ वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.
कळलं नव्हतं.

मी हायड्रोमीटर काढला. काचेची नळी, आत तरंगणारी कांडी.
पहिल्या कप्प्याचं पाणी ओढलं
तशा पद्मव्वा उठल्या, गुडघा विसरून.
‘हे तर आमचं लॅक्टोमीटर की गं!’

बावीस वर्षं दूध डेअरीच्या खिडकीत.
पहाटे पाचला कॅन उघडायचा, कांडी सोडायची,
कुणी विहीर किती ओतलीय ते तोंडाकडं न बघता सांगायचं.
‘घट्ट असलं की कांडी वर. पातळ झालं की बुडते.
हेच ना?’
हेच, मावशी.
बाराशे पासष्ट म्हणजे भरलेली.
अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही.
‘वासराला ठेवायचं,’ त्या म्हणाल्या,
आणि पुढचे पाच कप्पे त्यांनीच बघितले,
पदर कमरेला खोचून. पदराला ॲसिडची तीन भोकं पडली.

जाड केबल घातली. बॅटरीच्या जवळ फ्यूज बसवला.
टर्मिनल घासून व्हॅसलीन लावलं.
शेकायची पिशवी गाडी चालू असतानाच, असं ठरलं.
नवीन बॅटरी विकली नाही. वडील असते तर रागावले असते.

दसरा झाल्यावर फोन आला, जांबोटीच्या पुढून,
रेंज येत-जात.
‘पाच कप्पे घट्ट आहेत. तिसऱ्याचं दूध पातळ.’
किती, मावशी?
‘अकराशे सत्तर. काल चार्ज करूनसुद्धा.
म्हैस आटली बघ ही.’

आटली होती. एक कप्पा गेला की सगळी जाते,
हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.
मागून इन्व्हर्टरची गुणगुण ऐकू येत होती.
बंद करायला विसरलात का?

‘नाही गं. सरांच्या पुस्तकाची आठ पानं राहिल्यात.
तेवढं निघेल.’