तिसरं रीळ

दस्तगीर शिकलगार तिसऱ्या रिळात मरायचा.
पहिल्यात त्याला कुणी ओळखायचं नाही,
दुसऱ्यात तो दार उघडायचा
किंवा नायिकेच्या बापाला तांब्या आणून द्यायचा.
मी वर केबिनमध्ये कार्बनची कांडी सरकवत
भोकातून बघायचो: आता गडी खोकणार,
आता खांबाला टेकणार.
आणि इंटरव्हलला जिना उतरावा तर
हाच बाहेर भेळेच्या गाडीवर, जिवंत,
'मिरची जरा सांडू दे की' म्हणत उभा.

बाप गंगावेशीत विळ्या-कात्र्यांना धार लावायचा.
एकदा स्टुडिओतून पोत्यात भरून तलवारी आल्या,
पत्र्याच्या, गंजलेल्या, चाळीस नग.
पोरगा त्या घासून परत द्यायला गेला
आणि तिथं एक मावळा कमी पडत होता.
"धार नको रे, नुसती चमक दे,"
असं त्याला तलवारींबद्दल सांगितलेलं.
कामाच्या बाबतीत त्यानं ते जन्मभर उलटं धरलं.

मग पाटलाचा कारभारी, तालुक्याचा फौजदार,
सावकाराचा मुनीम, तीन पिक्चरांत तोच कोट,
काखेत उसवलेला.
भटजी झाला तेव्हा ड्रेसवाल्या सदू मेस्त्रीला
हळूच विचारून घेतलं, डावा खांदा की उजवा,
आणि मंत्र असे म्हटले
की सेटवरच्या म्हाताऱ्या एक्स्ट्रानं अक्षता टाकल्या.
पावसाळ्यात शूटिंग बंद, मग नाटक कंपनी:
निपाणी, गडहिंग्लज, इचलकरंजी,
दुसऱ्या अंकातला वकील, टेम्पोत मागं
पडद्यांच्या गुंडाळीवर झोप.
पोस्टरवर 'आणि इतर'.
एकदाच नाव आलं, तेही 'दत्तगीर'.
ते पोस्टर त्यानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

डॉक्टर मात्र अकरा वेळा.
ऑपरेशनच्या दारातून बाहेर यायचं,
मान हलवायची, चष्मा काढायचा.
"चष्मा आधी न्हाई काढायचा," मला म्हणाला होता
तर्रीत पाव बुडवत,
"आधी त्या बाईकडं नीट बघायचं.
चष्मा मग. म्हंजे रडाय लागल्यावर
ती आपल्याला धड दिसत न्हाई."

खैरूनभाभी सीपीआरमध्ये होती त्या रात्री
थर्मास माझ्या हातात होता.
दार उघडून डॉक्टर आला. पोरगाच,
मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही.
चष्मा त्यानं आतच काढलेला, सदऱ्याच्या टोकाला पुसत होता.
दस्तगीर उठून उभा राहिला
त्या जागी, जिथं आजवर
कायम दुसरंच कुणी उभं असायचं.
हात कुठं ठेवावेत त्याला कळेना.
दोन पिढ्यांच्या नायकांना
हात कुठं ठेवायचे ते यानं शिकवलेलं.
बऱ्याच वेळानं त्या पोराला म्हणाला,
"बसा जरा, डॉक्टर. दमलाय तुम्ही."

तो स्वतः झोपेत गेला.
खोकला नाही, खांबाला टेकला नाही.
मला उगाच वाटत राहिलं, सीन घाईत उरकला.

टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालंय.
केबिनमध्ये सतरंज्या रचतात.
रीळ तुटलं की जोडताना दोन फ्रेमा कापायला लागायच्या.
ज्यांत हा असायचा त्या मी टाकल्या नाहीत,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत,
व्हिनेगरसारखा वास मारतात.
बायको म्हणते, फेका एकदाचा तो कचरा.
चहा झाला की एखादी खिडकीशी धरतो.

कालच्या तुकड्यात तो दिसलाच नाही.
नुसतं दार, अर्धवट,
आणि कडीवर चार बोटं.
नायक अजून बाहेरच होता.