तळाची पट्टी

रात्रपाळीत मी वेल्डिंगचे एक्स-रे वाचतो.
मीना अब्दुल्लाच्या पाइपांची पांढुरकी शिवण
उजेडाच्या पेटीवर पसरायची, भिंग लावायचं,
कुठे बुडबुडा, कुठे केसाएवढी चीर.
एकतीस वर्षं झाली.
धड असलेलं काही आता मला दिसतच नाही.

म्हणून शुक्रवारी जुना सिनेमा लावला
तरी आधी गोष्ट नाही बघत, रवा बघतो.
निगेटिव्हचा तो बारीक, सळसळता रवा
जागेवर आहे, की कुणी संगणकाने घासून
माणसांच्या मेणबत्त्या केल्यात.
मागे एका डिस्कमध्ये म्हातारा गवळी
भर उन्हात उभा, गालावर ना सुरकुती, ना घाम.
डबीवर मी पेन्सिलीने लिहिलं: रिजेक्ट.

ही डिस्क वेगळी निघाली.
लुगड्याच्या काठाचे धागे मोजता येतात.
दिव्याच्या काचेवरची काजळी
आणि काजळीवर कुणाच्या तरी बोटाचा ठसा.
मी परकारचाचांना फोन केला.

इस्माईल परकार, खेडकडचे.
फहाहीलच्या जुन्या बाजारात
यांचं कॅसेटचं दुकान होतं, रात्रीचं भाडं अडीचशे फिल्स.
चित्राच्या तळाशी तेव्हा जाहिरातीची पट्टी धावायची.
नायिका हुंदके द्यायची आणि तिच्या पोटऱ्यांवरून
बावीस कॅरेट, घडणावळ माफ,
मग तांदूळ, मग मुंबईचं तिकीट.
कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून तिसरी,
सगळे चेहरे ताकात कालवलेले.
तीच प्रत बघून आम्ही आठ जण
एका खोलीत गप्प झालो होतो,
आणि उठून भांडी कुणी घासायची
यावर त्या रात्री कुणी भांडलं नाही.

चाचा आले. चष्मा पुसला. काळा चहा घेतला.
खिडकीतून रिफायनरीची ज्योत
टीव्हीच्या काचेत हलत होती, मी पडदा ओढला.

निरोपाचा प्रसंग. बंदराचा धक्का.
ती चालत येते.
"अरे," चाचा म्हणाले, "हिला पाय आहेत!"

होते की. अनवाणी. टाचेला भेग.
पट्टीखाली इतकी वर्षं झाकलेले.
आणि पुढे, फरशीवर, खडूची एक फुली,
तिने कुठे थांबायचं त्याची खूण.
मी रिमोट घट्ट धरला.

ती फुलीवर थांबत नाही.
तिच्यावरून पुढे जाते, दोन पावलं,
बोटीच्या दिशेने, जणू जाताच येईल.
आणि एवढ्या लख्ख चित्रात
दोरखंडाचा पीळ दिसतो, मागच्या हमालाची दाढी दिसते,
फक्त तिचाच चेहरा किंचित पुसट होतो.
फोकस मागे राहिला. फुलीपाशी.

आम्ही तेव्हा कॅसेटला शिव्या दिल्या होत्या.
चाचांच्या दुकानाला, चाचांच्या यंत्राला,
मी तर पैसे परत मागितले होते.

पुन्हा का घेतला नसेल हा शॉट?
फिल्म महाग असेल. उजेड उतरला असेल.
किंवा कॅमेऱ्यामागे कुणाला तरी
काही बोलावंसं वाटलं नसेल.
मी मागे घेऊन पाहिलं. परत. परत.
माझ्या कामात याला जागेवर नसणं म्हणतात,
पाइप कापून नवा जोड घ्यावा लागतो.

चाचा मात्र अस्वस्थ.
"चित्र झकास आहे," म्हणाले,
"पण माझा सोनार कुठे गेला?"
त्या पट्टीचे महिन्याला तीस दिनार यायचे,
पोरीचं शिक्षण त्यावर झालं.
मग उठले, गुडघ्यावर हात देत,
टीव्हीजवळ गेले, आणि आडवा तळवा
पडद्याच्या तळाशी धरला.
पाय गेले. फुली गेली.
धक्क्यावर पुन्हा ती तेवढीच,
कमरेपासून वर, पुसट,

आणि चाचा तोंडपाठ
सोनाराचा फोन नंबर म्हणत होते,
सहाच आकडी, जुना.