समासातलं

वडूजच्या वाचनालयातली युद्धाची कादंबरी
तीन महिने फडतरे सुभेदारांकडे होती.
परत आली, तर समासात पेन्सिल.
'बर्फ पांढरा नसतो. रात्री निळा दिसतो.'
'इथं लेखक चुकला. भीती पोटात नाही, गुडघ्यांत येते.'
'एवढं बोलायला वेळ कुणाला होता?'

पान एकशे बारा.
एकोणीस वर्षांचा शिपाई
मरताना आईला हाक मारतो.
ती ओळ खोडलेली. खाली बारीक अक्षर:
'आई म्हणाला नाही.
किती वाजले, एवढंच विचारलं.
माझं घड्याळ बंद पडलेलं.
मी सव्वाचार सांगितले.'

पुस्तक खराब केल्याचा दंड वीस रुपये.
त्यांनी मोजून दिला, पावती मागितली,
घडी घालून वरच्या खिशात ठेवली.
खोडरबर माझ्या ड्रॉवरात होतं.
होतं तिथंच आहे.

काल निमसोडचा एक पोरगा आला,
भरतीसाठी पहाटे मायणी रस्त्याला पळणारा,
टाचेला चिकटपट्टी.
उभ्याउभ्याच चाळता चाळता थांबला.
'मॅडम, ह्ये पेन्सिलीचं बी वाचायचं का?'

मी शिक्का मारला.
परतीची तारीख
जरा लांबची टाकली.