खडे मीठ

मॉलीच्या शेपटीवर रव्यासारखे पांढरे ठिपके.
कोपरखैरण्याचा दुकानदार म्हणाला, मीठ घाला,
पण पुडीतलं नको, आयोडीनवालं.
खडे मीठ. दहा लिटरला एक चमचा.

तीन दुकानं पालथी घातली.
गुलाबी होतं, काळं होतं,
कमी सोडियमचं होतं, डॉक्टरच्या फोटोसकट.

शेवटी घणसोली गावात, सुकटीच्या टोपल्यांमागे
पोशीबाईंनी गोणीत हात घातला.
कशाला? विचारलं. सांगितलं.
हसल्या नाहीत.
"मग्ग्यान विरगळव आधी.
माशाचे आंगाव वतू नको, कडंकडंनं."
मग सुट्टे मोजता मोजता,
"बिल्डिंग कंची तुमची?"
सांगितली.
"तयं आमचा आगर व्हता."
आणि एक मूठ वर घातली, न तोलता.

रात्री मग्ग्यात चमचा फिरवत बसलो.
मीठ विरघळलं.
अळणी पाण्यात धारेनं सोडलं.
मॉली दगडाआडून पुढे आली,
परत गेली.

मग्ग्याच्या तळाशी उरला
चिमूटभर काळा चिखल.
नळाखाली धरला, नळ सोडवेना.
सातव्या मजल्यावर.

सकाळी सुनंदा म्हणाली, हा मग्गा घासायला टाकू?
म्हटलं, राहू दे.